मालक बाहेरगावी असतात

माझ्या वडिलांच्या बारा घरांत राहणारी माणसं त्यांना वॉचमन समजत होती, हे मला ती घरं बांधून चार वर्षं झाल्यावर कळलं.

कळलं तेही सहज. एका रविवारी मी बिबवेवाडीहून हिंजवडीला माहेरी गेले होते. स्कूटर लावत होते, तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक मुलगी ओरडली, "मामा, पाणी नाहीये. मोटार लावा ना!" खाली पंपाशेजारी लोखंडी खाटेवर माझे वडील बसले होते. ते उठले, मोटार लावली आणि परत येऊन बसले.

पुण्यात मामा कुणाला म्हणतात हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. शिपाई, कंडक्टर, रिक्षावाला, वॉचमन. शेजारच्या वयस्कर माणसाला काका म्हणतात. घरमालकाला तर काकासुद्धा जरा अंदाज घेऊन म्हणतात.

"आप्पा, ती तुम्हाला मामा म्हणाली."

"मग काय मावशी म्हनंल?"

"तुम्ही कोण आहात ते तिला माहीत नाही?"

"मोटार लावनारा हाय, हे म्हाईत हाय. तिला लागतंय तेवढं म्हाईत हाय."

आतून आई म्हणाली, "चार वर्सं झाली मामा हायेत. मी मामी. परवा तिसऱ्या माळ्यावरचीनं मला जुनी साडी दिली."

"आणि तू घेतलीस?"

"चांगली व्हती."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम. दुसऱ्या वर्गात. माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून समोरच्या खोलीत लावलेलं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे, हे मी लपवत नाही. मला भाऊ-बहीण नाही. लग्न करून बिबवेवाडीला गेले, तिथल्याच एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला लागले. वडील शेतकरी. आमच्या घरामागे वांग्याची आणि टोमॅटोची शेती होती. कंपन्या आल्या, रस्ता आला, काही जमीन रस्त्यात गेली, काही विकली. उरलेल्या तुकड्यावर वडिलांनी तीन मजले बांधले, मजल्याला चार घरं. समोरच्या जुन्या घरात आई आणि ते दोघं राहायचे.

घरं बांधून झाली तेव्हा प्रश्न आला की ती चालवायची कुणी. येणारी माणसं आयटीतली. वडिलांची सही म्हणजे एकेक अक्षर आठवत केलेली. मी अठ्ठावीस किलोमीटरवर, माझी मुलं लहान. म्हणून आम्ही एक मॅनेजर ठेवला. तो शहरातला माणूस. पांढरा शर्ट, दोन फोन, त्या भागातल्या पाच-सहा इमारती त्याच्याकडे होत्या. भाडेकरू आणणं, करार करणं, प्लंबर बोलावणं, घर रिकामं झालं की रंग देणं, सगळं तोच बघायचा. वडिलांनी त्याला कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं, म्हणजे त्यांच्या वतीनं तो सही करू शकेल असा कागद. तो कागद मीच वाचला होता आणि "करा सही" असं मीच म्हणाले होते.

या मॅनेजरची काम करण्याची एक पद्धत होती. ती त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितली. "ताई, भाडेकरूला मालक दिसता कामा नये. मालक दिसला की भाडेकरू बोलतो. तो बोलायला लागला की मालक विरघळतो. मग निस्तरायला मी." त्यामुळे तो सगळ्यांना एकच सांगायचा, मालक बाहेरगावी असतात.

पहिला भाडेकरू घर बघायला आला तेव्हा वडील चाव्यांचा जुडगा मांडीवर घेऊन खाटेवर बसले होते. अंगात बंडी, डोक्याला टोपी. तो मुलगा म्हणाला, "मामा, तीनशे दोनची चावी द्या." मॅनेजरनं वडिलांकडे बघितलं. वडिलांनी चावी दिली. त्या दिवसापासून ते ठरून गेलं. करारनाम्यावर मालक म्हणून वडिलांचं पूर्ण नाव छापलेलं असायचं. पण वॉचमनचं पूर्ण नाव कुणी विचारत नाही.

मी चिडले. चिडायला माझ्याकडे जुनं कारण होतं. कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवशी वडील माझ्याबरोबर आले होते. गेटवरच्या शिपायानं मला आत सोडलं आणि वडिलांना म्हणाला, "तुम्ही इथंच बसा." बाकीच्या मुलींचे वडील आत खुर्च्यांवर बसले होते. मी अर्ज भरून दोन तासांनी बाहेर आले, तर हे शिपायांच्या बाकावर बसून चहा पीत होते. बसमध्ये तेच म्हणाले, "चांगली मानसं हायेत तुझ्या कालेजात." मला ते कधीच विसरता आलं नाही. आता त्यांच्या स्वतःच्या दारात त्यांना कुणीतरी शिपायाच्या बाकावर बसवलं होतं.

"मी सांगते सगळ्यांना," मी म्हणाले.

"नगं," वडील म्हणाले. "बरं चाललंय."

ते बरं चालणं काय होतं, ते मी नंतर दोन दिवस रजा काढून, तिथं बसून बघितलं. शेती गेल्यावर वडिलांना करायला काही राहिलं नव्हतं. पहिलं वर्षभर ते पहाटे पाचला उठून रस्त्याकडे तोंड करून बसायचे, असं आई सांगते. आता त्यांना सकाळपासून फुरसत नव्हती. माणसं कामाला जाताना चावी त्यांच्याकडे टाकून जायची. कुरिअरवाला पार्सलं त्यांच्याच खाटेखाली ठेवायचा. वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही. ते कुरिअरवाल्याला घराचा नंबर विचारायचे आणि खडूनं खोक्यावर रेघा ओढायचे, वर मजल्याच्या, खाली घराच्या. एकही पार्सल कधी चुकलं नाही. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलेली पोरं वर जायच्या आधी खाटेच्या कडेला टेकायची. "मामा, आज बॉसने फुल ऑन पकवलं." मग मामा विचारायचे, "कालच्यावानीच का?" कुणाचं लग्न जमत नाही, कुणाला परदेशी जायचंय, कुणाची आई आजारी आहे, हे बाराही घरांचं त्यांना ठाऊक होतं. मला माझ्या सोसायटीत शेजारच्या घरात किती माणसं आहेत तेही सांगता आलं नसतं.

तरीही मला ते चालत नव्हतं. माणसाला कळलं पाहिजे की आपण कुणाशी बोलतोय, असं माझं मत होतं.

मग ते घडलं. पहिल्या मजल्यावर एक जोडपं राहत होतं, पाच वर्षांची मुलगी असलेलं. तो एका कंपनीत, ती घरी. माणसं जळगावकडची, सरळ. त्यांचा करार संपत आला होता. मॅनेजरनं त्यांना कळवलं, मालकांना घर स्वतःसाठी हवं आहे, महिनाभरात सोडा. खरं तर त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक होतं. मुलीची शाळा नुकतीच सुरू झालेली. ती बाई खाली आली आणि खाटेजवळ उभी राहून वडिलांपुढे रडली. मालक कसा माणूस आहे, त्याला लेकरंबाळं आहेत की नाहीत, बाहेरगावी बसून त्याला काय कळणार, असं बरंच बोलली.

वडिलांनी मला फोन केला. ते स्वतःहून फोन करत नाहीत.

"ती मालकाला लय बोलली," ते म्हणाले.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीबी बोललो. म्हनलं, नालायकच हाय तो."

"नालायक? स्वतःलाच?" मी विचारलं.

"आगं, मग काय करू? तिच्याकडनं बोलाया नगं कुनी?" आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पन तिला घालवू नगं. त्या मॅनेजरला घालव."

मॅनेजरला घालवायला मला पंधरा मिनिटं लागली. पत्र मीच लिहिलं होतं, कुलमुखत्यारपत्र रद्द केल्याचं. त्यानं ते उभ्यानं वाचलं.

"ताई, पत्र चांगलं लिहिलंय."

"लिहिता येतं मला."

"ते दिसतंय. पण घरं पत्रावर चालत नाहीत. मालक समोर आला की त्याचं काय होतं बघालच."

"काय होतं?"

"तुमचेच वडील आहेत. तुम्हाला जास्त माहीत." त्यानं चाव्या मोजून दिल्या आणि गेला. जाताना वडिलांना मात्र वाकून नमस्कार केला. चार वर्षांत पहिल्यांदाच, असं आई म्हणाली.

आता करार वडिलांनी स्वतः करायचे होते. पहिला त्याच जोडप्याचा ठरवला. करार नोंदवणारा माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आमच्या जुन्या घरात आला. आईनं वडिलांना इस्त्रीचा शर्ट आणि धुतलेली टोपी घालायला लावली. ते जोडपं आलं. बाईनं वडिलांना बघून मान हलवली. तिला वाटलं, चहा द्यायला वगैरे बोलावलं असेल. तिनं अंगठा ठेवला, पहिल्याच वेळी उमटला. नवऱ्याचाही उमटला.

"आता मालकांना बोलवा," तो माणूस म्हणाला.

"बसलेत की समोर," मी म्हणाले.

त्या बाईनं मागे वळून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग तिनं वडिलांकडे बघितलं. वडील यंत्राकडे बघत होते.

त्यांनी अंगठा ठेवला. यंत्रानं घेतला नाही. "काका, जरा दाबून." घेतला नाही. हात धुऊन आले, पुसून आले, घेतला नाही. आईनं लिंबू कापून आणलं. तो माणूस म्हणाला, "शेतकऱ्यांचं असंच होतं हो. रेषा झिजून जातात." आम्ही सगळे त्या एवढ्याशा काचेकडे बघत बसलो होतो. बाराच्या बारा घरांचा मालक समोर होता आणि यंत्र त्याला मालक मानायला तयार नव्हतं. सातव्या-आठव्या वेळी डाव्या हाताचा उमटला.

बाई उभी राहिली. "सर, मी त्या दिवशी खूप काही बोलले..."

"बराबर बोलला व्हता," वडील म्हणाले. "बसा, चा घ्या."

पण ती चहा न घेता गेली. त्यांना कुणी सर म्हणण्याची ती पहिली वेळ. मला बरं वाटलं. मी हे जसं होतं तसं लिहिते आहे.

त्यानंतरचे चार-पाच महिने मी घरं उत्तम चालवली. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गटार काढणारा, सगळ्यांचे नंबर जमवले. सगळ्या भाडेकरूंचा मोबाईलवर ग्रुप केला आणि त्यावर बारा नियम टाकले. पोलिसांत द्यायची भाडेकरूंची माहिती, जी मॅनेजरनं निम्म्यांची दिलीच नव्हती, ती मी एका आठवड्यात दिली. गीझर बिघडला तर त्याच दिवशी दुरुस्त. दर रविवारी आणि बुधवारी मी स्वतः येत होते. आणि फाटकाच्या खांबावर ग्रॅनाइटची पाटी बसवून घेतली. वर वडिलांचं पूर्ण नाव, खाली मालक.

ती पाटी बसवली तेव्हा वडील खाटेवरून बघत होते. "दगड चांगला हाय," एवढंच म्हणाले.

मग हळूहळू खाट रिकामी व्हायला लागली. दुसऱ्या मजल्यावरची ती मोटार लावा म्हणणारी मुलगी खाली येऊन "सॉरी सर, मला माहीत नव्हतं" म्हणून गेली, आणि पुन्हा गॅलरीतून ओरडली नाही. पोरं बसमधून उतरली की खाटेपाशी न टेकता "गुड इव्हिनिंग सर" म्हणून सरळ जिन्यात शिरायची. एकानं हातातली सिगरेट पाठीमागे नेली. वडील म्हणाले, "वढ की. काल तर वढत व्हतास." तो हसला आणि वर गेला. पार्सलं समोरच्या किराणा दुकानात जायला लागली. मालकाला पार्सलं सांभाळायला कसं सांगायचं? चाव्या शेजाऱ्याकडे. तक्रारी सगळ्या माझ्या मोबाईलवर. एकशे तीनचा नळ गळतोय हे मला बिबवेवाडीत कळायचं, आणि त्या नळापासून वीस पावलांवर बसलेल्या, वायसर बदलता येणाऱ्या माणसाला कळायचं नाही.

"तुम्हाला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मालकाला कोन सांगतंय?"

एका गुरुवारी आईचा फोन आला. "तुझ्या बापानं खाट आत आनली. सकाळपासनं माझ्यासमोर बसलेत. भाजीत मीठ किती टाकते ते बघत्यात. त्यांना कुठंतरी लाव बाई."

मला वाटलं, होईल सवय.

त्या शनिवारी वडील एकटेच दोन बस बदलून बिबवेवाडीला आले. ते येतात तेव्हा पिशवीत काहीतरी असतं, निदान शेवग्याच्या शेंगा. त्या दिवशी पिशवीच नव्हती. पाणी प्यायले आणि म्हणाले, "आपल्या पल्याडच्या बिल्डिंगीला वॉचमन पायजे. मी बोलून आलोय."

"कुणासाठी?"

"कुनासाठी म्हंजी? माझ्यासाठी."

"आप्पा! तो मालक गावातलाच आहे. त्याला माहितीये तुम्ही कोण ते."

"हासला तो. म्हनला, बसा की."

"बारा घरांचा मालक दुसऱ्याच्या दारात बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोक मामा म्हनतील," वडील म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. चहा उकळेपर्यंत मी बरंच ठरवलं, काय काय बोलायचं ते. की ही आपली जमीन. की मी शिकले ती यासाठी नाही. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते माझ्या शाळेच्या कामाचे कागद बघत होते, वाचता येत असल्यासारखे, एकेक उचलून.

"तुला वाईट वाटतंय ते मला कळतंय," ते म्हणाले. "कालेजाच्या दिवशीबी तुला वाटलं व्हतं. मला नव्हतं वाटलं. तुला वाटत व्हतं त्यांनी मला भाईर बसवलं. आत ती मानसं गप्प बसली व्हती खुर्च्यांवर, मी काचंतनं बघितलं. कुनी कुनाशी बोलंना. मी भाईर चार मानसांत व्हतो."

इतक्या वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल एकदाही बोललो नव्हतो. मला वाईट वाटलेलं त्यांना दिसलं होतं हे मला माहीत नव्हतं.

"पल्याडच्या दारात बसू नका," मी शेवटी म्हणाले.

"मग आपल्याच दारात बसव."

कसं, ते त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं. मॅनेजरला दिला होता तसलाच कागद माझ्या नावानं करायचा. करारावर सही माझी, अंगठा माझा, फोटो माझा. जुनी माणसं अकरा महिन्यांनी जातात, नवी येतात. नव्यांना काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील. "तुझा अंगठा पहिल्या फटक्यात उमटतोय," ते म्हणाले. "लिंबू लागत न्हाई."

मी तो कागद केला. पाटी काढून घेतली. ग्रॅनाइट फोडवेना, तेव्हा आईनं ती पंपाजवळच्या चिखलात, नाव खाली करून, पाय ठेवायला टाकली. नावावर पाय नको, एवढं तिनं बघितलं. खाट परत बाहेर गेली. ग्रुपवरचे बारा नियम मी तसेच ठेवले. ते चांगले आहेत.

दीड वर्षात जवळजवळ सगळी माणसं बदलली. जुनी म्हणून ते जळगावकडचं जोडपं तेवढं उरलं. त्यांना सगळं माहीत होतं. ती बाई काही दिवस वडिलांना काहीच म्हणायची नाही, नुसती "अहो" म्हणायची. मग एकदा मुलीला खाटेवर बसवून बाजारात जाताना तिच्या तोंडून "मामा, बघा हं हिच्याकडे" असं गेलं. वडील म्हणाले, "जावा बिनघोर." ते मला आईनं सांगितलं.

त्यानंतरच्या एका रविवारी मी आले तेव्हा खाटेवर तिसऱ्या मजल्यावरची नवी मुलगी बसली होती, हातात चहाचा कप घेऊन. माझी पाठ होती, स्कूटर लावत होते, त्यामुळे त्यांनी मला बघितलं नसावं. किंवा एकानं बघितलं असावं.

"मामा, मालकीण कशी आहे हो? ग्रुपवर तर डेंजर वाटते."

"लय कडक," वडील म्हणाले. "बिबवेवाडीला असती. बारा नियम हायेत तिचे. शिकलेली हाय ना."

"मग भिंतीला खिळा मारला तर चालेल का?"

"इचारू नगं तिला. हातुडी माझ्याकडं हाय."

जळगावची बाई नळावर बादली भरत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि बादलीकडे बघायला लागली.

मी वळले. नवी मुलगी घाईनं उठली, "गुड मॉर्निंग मॅडम." वडील उठले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली आणि तिच्यासमोर, वॉचमन मालकिणीशी बोलेल तसं, म्हणाले, "मॅडम, तीनशे एकचा नळ गळतोय. वायसर घातलाय, पन नवा लागंल."

एवढ्या वर्षांत मी त्यांना आप्पा सोडून दुसरं काही म्हणाले नव्हते.

"बघते, मामा," मी म्हणाले आणि जिना चढायला लागले.